सोमवारी झालेली सीतादही

आईला यवतमाळला आणल्यावर आम्ही तिच्यासाठी काय काय केलं, हे मी कोणी न विचारताही ऐकवत असे. लोहाऱ्याच्या अलीकडे आमचं तीन खोल्यांचं घर. त्यातली उजेडाची खोली तिला दिली. तिला उकिडवं बसताना त्रास होतो म्हणून खुर्चीसारखा संडास बसवून घेतला. न्हाणीत कठडा लावला. आणि कुठल्याही कामाला हात लावायचा नाही, अशी प्रेमळ तंबी दिली. तिनं भाजी निवडायला घेतली की बायको परडी ओढून घ्यायची, "आई, राहू द्या, तुम्ही बसा." ती झाडू उचलायची, मी म्हणायचो, "आई, तू बस." मुलगी म्हणायची, "आजी, तू बस ना गं." पाहुणे यायचे तेही आल्याआल्या तिलाच म्हणायचे, "बसा काकू, बसा." आमच्या घरात आईला इतका मान होता की बिचारीला हलायला जागा उरली नव्हती.

एकदा ती म्हणाली, "माहा पुतळा बसवून राह्यले का रे तुम्ही? निदान जयंतीले तरी धुवान का नाई?"

मी पोट धरून हसलो. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या ऑफिसात, जिथं मी कारकून आहे, तिथं हा विनोद सांगून टाळ्याही घेतल्या. वीस-बावीस वर्षं माझ्या टेबलावर रोज अर्ज येतात. समोर आलेला कागद अर्ज आहे की नाही हे मला लांबून ओळखू येतं असा माझा समज होता. हा मात्र ओळखू आला नाही.

वर्षातून एकच दिवस असा होता की त्या दिवशी आईला "बस" म्हणायची कोणाची टाप नव्हती. तो सीतादहीचा.

सीतादही म्हणजे कापसाच्या पहिल्या वेचणीच्या सकाळी वावरात करायची पूजा. प्रत्येक घराची रीत थोडी वेगळी. आमच्या घरची अशी : वावराच्या उगवतीच्या कोपऱ्यात, धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून जे पहिलं झाड असेल त्याच्याखाली जागा सारवल्यासारखी साफ करायची. सात खडे ओळीनं मांडायचे. त्यांना हळद-कुंकू लावायचं. दहीभात वाढायचा, थोडा चारी दिशांना उडवायचा. मग त्या झाडाचं फुटलेलं बोंड घेऊन त्यातला कापूस चिमटीत धरून हातानंच धागा ओढायचा, पीळ देत देत, आणि तो एका झाडावरून दुसऱ्यावर असा पाच झाडांना गुंडाळायचा. ज्या वर्षी धागा न तुटता पाचव्या झाडाला पोचतो त्या वर्षी कापूस घरात मावत नाही, अशी समजूत. हे काम घरातल्या मोठ्या बाईचं. ते झाल्याशिवाय कोणी बोंडाला हात लावायचा नाही.

माझ्या लहानपणी केळापूरकडच्या आमच्या त्या वावरात पंधरा-वीस बाया कमरेला फडकी बांधून धुऱ्यावर बसलेल्या असायच्या. ऊन चढायचं. रोजीचा खोळंबा व्हायचा. पण एकही उठायची नाही. आई झाडापाशी बसलेली आणि तिच्या मागं हातात पाण्याचा गडू घेऊन बाबा उभे. वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस आमचे बाबा घरात मोठ्या आवाजानं बोलत. त्या एका सकाळी ते शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखे मुकाट असत. आई म्हणाली "पानी" की पाणी, "सरका" की सरकायचे. बाया मागून हळूच डिवचायच्या, "बाई, धागा लंबा काढजा वो, औंदा आमाले ओझी वाहाची हायेत." आई मान न वळवता म्हणायची, "आधी बूड हलवाची तयारी ठेवा, मंग ओझ्याचं पाहू." सगळ्या खिदळायच्या आणि धागा तसूभरही हलायचा नाही.

बाबा गेले त्या वर्षी सीतादहीवरून घरात खटका उडाला. माझी आत्या, बाबांची थोरली बहीण, हिनं सांगून टाकलं की आता कुंकू पुसलेल्या हातानं पहिलं बोंड तोडायचं नाही, चुलतभावाच्या बायकोला करू दे. आत्याच्या शब्दापुढे आमच्याकडे कोणी जात नाही. मी तर नाहीच. मी भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये अमावास्या शोधू लागलो. आई चुलीपाशी भाकर थापत होती. ती थापता थापताच म्हणाली, "सीतामाय वनात एकटीच होती नं वो? तिच्या नावाची पूजा करासाठी नवरा कायले लागते?"

आत्या उठून गेली. आईनं पूजा केली. त्या साली धागा पाचव्या झाडापर्यंत गेला, असं मी सगळ्यांना सांगत फिरलो. खरं म्हणजे चौथ्यालाच संपला होता, पण तुटला नव्हता.

पुढं आईला मी यवतमाळला आणलं आणि वावर चुलतभावाला मक्त्यानं दिलं. तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, त्याची बायको ती माझी वहिनी. दोघं गावातच राहणारी, राबणारी. व्यवहार ठरला तेव्हा आईनं तोंड उघडलं ते एकदाच, "बाकीचं तुमी भाऊ-भाऊ पाहा. सीतादही मी करीन. बायाइले थांबवजा, मले बलावजा." चुलतभाऊ म्हणाला, "हाव काकू, तुमच्याबिगर कशी होईन?" तीन-चार वर्षं तसं झालंही. दसरा उलटला की आई रोज विचारू लागायची, "फोन आला का रे?" फोन आला की ती आदल्या रात्रीच विरजण लावायची. पिशवीतलं दही तिला चालत नसे. मी एक रजा टाकायचो. एस्टीनं पांढरकवडा, तिथून ऑटो, तिथून पायी. जाताना मी कुरकुर करायचो, आणि येताना वावरातल्या गमती अशा रंगवायचो की जणू पूजा मीच केली.

मग कापसाचे दिवस फिरले. गुलाबी अळी आली. बोंड बाहेरून हिरवंगार, टपोरं, आणि फोडलं की आत सडका काळा चोथा. एका साली चुलतभावानं उभ्या पिकात नांगर घातला. फवारणी करून तो घरी आला की त्याचे डोळे दोन-दोन दिवस लाल राहायचे. त्यानंतर गावात नवाच शहाणपणा आला. जे फुटलं ते लगेच वेचा, दुसऱ्या वेचणीची वाट पाहू नका, पऱ्हाटीची झाडं उपटा आणि मोकळे व्हा. आणि सगळ्यांचीच घाई एका वेळी सुरू झाल्यावर बाया मिळेनाशा झाल्या. गावातल्या पोरी शिकून बाहेर गेल्या होत्या, म्हाताऱ्या वाकून वाकून मोडल्या होत्या. बाजूच्या गावांतून ऑटोत भरून टोळी यायची. तिची मुख्य बाई फोनवर दिवस सांगायची, तो दिवस घ्यायचा. नाही घेतला तर पुढं पंधरा दिवस नाही. पूर्वी बाया आईसाठी थांबायच्या. आता कापूस बायांसाठी थांबत होता.

मला कापसावर बिल फाडता येईल. आमच्या जिल्ह्यात कशाचंही बिल कापसावर फाडता येतं आणि लोक मान डोलावतात. पण पुढं जे झालं ते कापसानं केलं नाही.

त्या साली दसऱ्यानंतर एका शुक्रवारी चुलतभावाचा फोन ऑफिसात आला. "सोमवारी टोळी येऊन राह्यली. काकूले घेऊन ये. आठच्या आत."

"सोमवार?" मी म्हटलं. "सोमवारी आमच्याकडं कमिटी आहे."

कमिटी म्हणजे कॉलेजची तपासणी करायला बाहेरून येणारे साहेब लोक. माझ्याकडे त्यात कुठली जबाबदारी होती? हार आणि पुष्पगुच्छ. साहेब गाडीतून उतरले की ताटातला गुच्छ प्राचार्यांच्या हातात द्यायचा, प्राचार्य तो साहेबांच्या हातात देणार. या कामासाठी माणूस पदवीधर असावा असं प्राचार्यांचं मत होतं, आणि मलाही ते पटलं होतं.

"दोन दिवस पुढं ढकल की," मी म्हटलं.

"माह्या घरची टोळी हाय का? तू काकूले एकटीले एस्टीत बसवून दे, मी पांढरकवड्याले घ्याले येतो."

"तिला दिसत नाही रे धड. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय."

"मंग?"

मग मला ती युक्ती सुचली. आपल्याला सुचलेल्या युक्तीचा माणसाला इतका आनंद होतो की ती नीच आहे की बरी, हे पाहायचं राहून जातं. मी म्हटलं, "असं कर. सोमवारी वेचून घे. फक्त रस्त्याकडची दोन तासं, दोनच ओळी, राखून ठेव. मी गुरुवारी आईला आणतो. ती तिथं पूजा करेल. तिला काय कळतंय?"

तो म्हणाला, "मले हे काही बरोबर वाटत नाई."

"अरे तिच्या समाधानासाठीच आहे ना?"

"तुह्या समाधानासाठी हाय," तो म्हणाला. पण तासं ठेवायला कबूल झाला.

आईचं डोळ्याचं ऑपरेशन मी दोन वर्षं पुढं ढकलत होतो. मुलीची परीक्षा झाली की करू, पाऊस संपला की करू. आता त्याच मोतीबिंदूच्या भरवशावर मी तिला फसवायला निघालो होतो. बायकोला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मला यात घेऊ नका." मी तिला यात घेतलं नाही. तिनंही आईला काही सांगितलं नाही.

सोमवारी सकाळी मी इस्त्रीचा शर्ट घालत होतो तेव्हा आईनं विचारलं, "फोन आला का रे?"

"नाही अजून. बोंडं फुटायचीत म्हणे."

"अजून?" ती म्हणाली. "औंदा थंडीची वाट पाहून राह्यली वाट्टे."

त्या वेळी वावरात टोळी उतरली होती. इकडे मी दुपारपर्यंत ताट धरून उभा राहिलो. गुच्छातल्या फुलांनी माना टाकल्या. मग निरोप आला की साहेब लोक आता बुधवारी येतील.

संध्याकाळी चुलतभावाचा फोन. "झाली वेचनी. तुह्यी दोन तासं ठेवली हायेत. बाया इचारत होत्या, हे कोन्या देवाची तासं होय म्हून."

मी हसलो. वेचणी सुरू कशी झाली हे मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. त्याच्या दृष्टीनं त्यात सांगण्यासारखं काय होतं? सीतादही झाल्याशिवाय बाया वावरात पाय टाकत नाहीत, मग त्या गावातल्या असोत की ऑटोतून आलेल्या. हे मला समजायला हवं होतं. मी त्याच वावराच्या धुऱ्यावर रांगत मोठा झालो. दोन तासं राखण्याची अक्कल सुचली, एवढी साधी गोष्ट सुचली नाही.

बुधवारी कमिटी येऊन गेली. गुरुवारी आम्ही निघालो. आई नऊवारी नेसून, विरजणाचं गाडगं मांडीवर धरून बसस्टँडवर अशी बसली होती की जणू मंत्रालयात निघाली आहे. बसमध्ये एका कॉलेजच्या मुलीनं उठून जागा दिली. "आजी, तुम्ही बसा." आई बसली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "हे पोरगीबी तुह्याच कॉलेजातली वाट्टे. तेच शिकवतात तुमी?" अख्खी बस हसली. इतकी मोकळी, इतकी खुशीत मी तिला वर्षभरात पाहिलं नव्हतं. वाटेत ती खिडकीबाहेर तोंड करून दिसत नसलेल्या वावरांबद्दल बोलत राहिली. अठी तूर चांगली असते, अठी जमीन चोपन हाय, अठी तुह्या बापानं बैल घेतलता.

चुलतभाऊ धुऱ्यावर उभा होता. त्याच्यासारखा वाईट नट मी अजून पाहिला नाही. आम्ही ऑटोतून उतरतो न उतरतो तोच ओरडला, "या काकू, या! वावराले कोनीच हात लावला नाई बरं अजून!"

"मी कुठी इचारलं बावा?" आई म्हणाली.

वहिनी पुढं येऊन पाया पडली. तिचा चेहरा उतरलेला होता, पण मला वाटलं, उन्हानं. मी आईचा हात धरून राखलेल्या दोन तासांकडे वळवू लागलो. पांढरीशुभ्र फुटलेली ती दोन तासं होती, आणि त्यांच्या पलीकडे सगळं तपकिरी, वेचून झालेलं वावर.

"आई, इथंच कर. इथं जागा मस्त साफ आहे."

"अठी?" ती म्हणाली. "हे त रस्त्याकडचं व्हय. सीतादही उगवतीले होते."

"तिकडं ऊन लागेल तुला."

"मले ऊन सांगून राह्यला? तू सावलीत कागदं मोजनारा मानूस, तू बस धुऱ्यावर." आणि तिनं माझा हात सोडवला. धुऱ्याच्या कडेनं, एका हातानं गाडगं सांभाळत, पाय घासत ती चालू लागली. डोळ्यांची तिला गरजच नव्हती. त्या धुऱ्यावर चाळीस वर्षं तिचे पाय पडले होते. चुलतभाऊ माझ्याकडे पाहू लागला, मी वहिनीकडे. वहिनी एकदम पळत पुढं गेली. "काकू, थांबा, मी जागा साफ करून देतो, तुमी थांबा नं वो जरा..."

"काहून? माहे हात गळाले का?"

ती पहिल्या झाडापाशी पोचली होती. गाडगं बाजूला ठेवलं. एक हात गुडघ्यावर, एक जमिनीवर असं करत हळूहळू बसली. आणि जागा साफ करायला म्हणून तिनं झाडाखालून हात फिरवला.

हात थांबला.

मी दहा पावलांवर होतो. मला तिथून दिसत नव्हतं, पण ती काय चाचपते आहे ते कळत होतं. एक खडा. दुसरा. तिसरा. ती बोटांनी मोजत गेली. सात झाले. खड्यांवर वाळून कडक झालेली भाताची शितं होती. तिनं बोट नाकाशी नेऊन हुंगलं. मग हात वर नेऊन झाडाचं खोड चाचपलं. त्याला धागा गुंडाळलेला होता.

लांब कुठं तरी ट्रॅक्टर चालू होता.

"कोन केलं?" आईनं विचारलं.

"मी केलं काकू," वहिनी म्हणाली. आणि रडू लागली. "बाया आतच येत नव्हत्या वो. म्हने पूजा केल्याबिगर आमी पाय नाई टाकत. मले तवा वाटलं तुमाले सांगतलं असन..."

"कधी?"

"सोमवारी."

आईनं मान हलवली. आता माझ्याकडे वळेल, आता बोलेल, म्हणून मी उभा होतो. ती वळलीच नाही. तिनं धाग्यावरून बोट फिरवत फिरवत विचारलं, "धागा तुटलता का?"

"हाव. दोनदा."

"मंग?"

"मंग नवा काढला."

"नवा नसते काढाचा पोरी," आई म्हणाली. "तुटला तिथंच गाठ माराची. गाठ चालते. आन अशी चिमटी घट्ट नाई धराची. हे पाह्य." तिनं वहिनीचा हात ओढून आपल्या हातात घेतला, अंगठा कुठं, बोट कुठं ते बसवून दाखवलं. वहिनीच्या डोळ्यांतलं पाणी त्या दोघींच्या हातांवर पडत होतं आणि आई तिला पीळ कसा द्यायचा ते समजावत होती. "घाई करू नको. बाया ओरडतात, ओरडू दे. त्याइचं कामच हाय थे."

मी मध्येच म्हणालो, "आई, तू कर ना परत. तिकडं दोन तासं ठेवलीत."

"एका वावरात दोनदा सीतादही होत नाई," ती म्हणाली. बस, एवढंच.

मग तिनं गाडगं उघडलं, डब्यातला भात त्यात कालवला आणि आम्हा तिघांच्या हातावर एक-एक गोळा ठेवला. देवाला वाढायला आणलेला तो दहीभात मी धुऱ्यावर उभा राहून खाल्ला. तो फार चांगला झाला होता, हे सांगायलाही मला लाज वाटते. परत येताना राखलेल्या तासांजवळ ती थांबली. फांदीला हात लावला. चुलतभावाला म्हणाली, "हे कायले उभं ठेवलं? वेचून घे. दव पडते आता."

"हाव काकू," तो म्हणाला.

बसमध्ये मी बोलणी खायला तयार होऊन बसलो. काय उत्तरं द्यायची तीही मनात मांडून ठेवली होती. नोकरी आहे, रजा मिळत नाही, टोळी थांबत नाही, तुझे डोळे. ती डोळे मिटून होती. झोपली नव्हती. यवतमाळ जवळ आलं तेव्हा तिनं विचारलं, "सोमवारी थे कमिटी आलती का?"

"नाही," मी म्हटलं. "बुधवारी आली."

"बरं झालं," ती म्हणाली. "आली तरी."

महिन्याभरात मी तिचे दोन्ही डोळे करून घेतले. ऑपरेशनचा काळा चष्मा काढून तिनं घरभर नजर फिरवली आणि माझ्या बायकोला म्हणाली, "माय वो, तू एवढी बारीक कधी झाली?" घर हसलं. मलाही वाटलं, मिटलं सगळं.

उन्हाळ्यात आमच्याकडे एक लग्न होतं, यवतमाळातच. आत्या आली होती. तिला सगळ्या बातम्या असतात, आणि ही तर तिच्याच कामाची बातमी होती. पंगत उठल्यावर चार-सहा बाया आईभोवती खुर्च्या टाकून बसल्या होत्या. मी जवळच मठ्ठ्याचा ग्लास घेऊन उभा होतो. आत्या मोठ्यानं म्हणाली, "का वो, औंदा सीतादही सुनेनं केली म्हंते? तुले बलावलंच नाई म्हंते कोनी? मी तवाच सांगत होती, ज्याच्या हातानं शोभते त्याच्या हातानं कराव. सोता सोडलं असतं त मान राह्यला असता."

सगळ्या आईकडे पाहू लागल्या. मी पाहू लागलो ग्लासात. खरं सांगायचं तर एक वाक्य पुरेसं होतं. 'आत्या, चूक माझी आहे. मी तिला फसवलं.' एवढंच. लग्नाकार्यात तासन् तास गोष्टी सांगणारा माणूस मी. मला ते एक वाक्य सांगता आलं नाही.

आई हसली. "काही बी काय आयकतं वो तू? मीच म्हटलं तिले, आता तू कर. माह्यानं उकिडवं बसनं होत नाई. फोन करून सांगतलं मी. किती दिस मीच धरून बसू?"

"असं का," आत्या म्हणाली. ती जरा खट्टू झाली. बाकीच्या म्हणाल्या, "बरं केलं वो काकू. वेळेवर देऊन टाकलं. आमची सासू पाहा, अजून डब्याची चाबी सोडत नाई." आणि बोलणं सासवांवर गेलं. आईनं माझ्याकडे पाहिलं नाही. मी मठ्ठा प्यायलो.

पुढच्या दसऱ्यानंतर मी वाट पाहत होतो, की आई विचारेल, फोन आला का रे. तिनं विचारलं नाही. आठ दिवस गेले, दहा गेले. मग मीच चुलतभावाला फोन लावला. टोळी मंगळवारी येणार होती. मी दोन दिवसांची रजा टाकली, ओळखीची जीप सांगून ठेवली, आणि एखादं बक्षीस द्यावं तसा आईच्या खोलीत गेलो.

"आई, मंगळवारी वेचणी आहे. जीप सांगितलीय. वहिनी म्हणते, काकूंनीच करायची. टोळीला सांगून ठेवलंय, तू येईपर्यंत कोणी हात लावणार नाही."

तिचा चेहरा पाहून मला वाटलं, आता उठते, आता विरजणाचं गाडगं मागते.

"मी कशी येऊ रे आता?" ती म्हणाली.

"का?"

"चारचौघींत म्हटलं नं मी, मीच देल्ली म्हून. देल्लेलं वापस घेतात का? उद्या तिची आत्यासासू तिलेच बोलन, तुह्या हातात काही खोट दिसली म्हून म्हातारी परत आली." मग जरा थांबून, मला समजावल्यासारखं ती म्हणाली, "तेव्हा काही तरी सांगा लागत होतं बाप्पा. तू उभा होता ना तठी."

मी जीप रद्द केली. रजा मात्र रद्द केली नाही. मंगळवारी घरीच राहिलो. आईनं विचारलं, "आज सुट्टी काहून?" मी म्हटलं, सहज. मी पेपर उघडला, तो एकाच पानावर बराच वेळ उघडा राहिला. ती पलंगावर बसून मुलीच्या ओढणीचा निघालेला काठ शिवत होती. बायकोनं त्या दिवशी तिच्या हातून काही ओढून घेतलं नाही.

"किती वाजले रे?" आईनं विचारलं.

"साडेआठ."

तिनं सुई ओढणीत टोचून ठेवली.

"झाली असन मंग," ती म्हणाली.

मी हो म्हटलं.